बाबांच्या पेल्यातली वाईन

नंदाखालमध्ये माझ्या बाबांच्या जिभेला फार मान होता. गावातल्या कुठल्याही लग्नात, मांडवाच्या दिवशी इंद्याल मटणाचा मोठा टोप चुलीवरून उतरला की पहिली वाटी बाबांकडे यायची. मटण शिरक्याच्या आंबटात आणि मसाल्यात नीट मुरलंय की नाही, हे ते ठरवायचे. आधी वाटीवर नाक धरायचे, डोळे मिटायचे, मग बोट बुडवून चाटायचे. ते 'वाढा' म्हणाले की पानं पडायची. 'थांबा' म्हणाले की सगळा मांडव भुकेला थांबायचा आणि आचारीणबाई मान खाली घालून टोपाकडे परत जायची. त्यांच्या आधी हा मान त्यांच्या वडिलांकडे होता. एका लग्नात मसाला जुना निघाला म्हणून बाबांनी नवरीच्या आईसमोरच वाटी केळीच्या बुंध्यात ओतली होती. ती बाई रडली. बाबा घरी येऊन मजेत जेवले.

अशा माणसाच्या घरी रोजचा स्वयंपाक करणं म्हणजे रोजचीच परीक्षा. बाबांनी पहिला घास घेईपर्यंत आई पळी हातात धरून उभी असायची. घास गिळला की ते काहीतरी बोलायचे. चांगलं कधीच नाही. ताट सरकवलं नाही, म्हणजे पास. लोकांसमोर मात्र त्यांची एक म्हण ठरलेली होती, 'गाढवाला गुळाची चव काय', आणि ती म्हणताना ते आईकडे बघायचे.

आई पाचूबंदरची, मासेमारी करणाऱ्या घरातली. चर्चच्या सणात बाबांनी तिला पाहिलं आणि घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करून आमच्या केळी-माडांच्या वाडीवर आणलं. आयुष्यात त्यांनी केलेलं हे एकच धाडस. मग त्या धाडसाची त्यांना लाज वाटू लागली आणि तिचा राग त्यांनी आईवर काढला. 'पानी आनते' असं ती म्हणाली की ते पाहुण्यांदेखत विचारायचे, "पानी म्हणजे काय असतं बुवा?" घरात ते वाडीची बोली बोलायचे, पण आईला टोमणा मारायचा असला की शुद्ध पुस्तकी मराठी काढायचे. सुके बोंबील भाजायला विहिरीमागे वेगळी चूल होती. घरातल्या चुलीवर ते चालत नसत. आणि कालवं तर वाडीच्या फाटकातून आतच येऊ शकत नव्हती. खडकावरून कोयतीने फोडून काढलेली कालवं हे आईचं सगळ्यात आवडतं खाणं. ती माहेरी गेली की खाऊन यायची, आणि परत आल्यावर बाबा तिला दोनदा हात धुवायला लावायचे.

मी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहते. रविवारी चर्चमध्ये मिस्साला म्हणून स्कूटरवर नंदाखालला जायचं, मग आईकडे जेवायचं, हा माझा नेम. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बाबांना ताप आला. आठवडाभर अंथरुणात होते. उठले तेव्हा जरा वाळले होते, बाकी ठीक. त्यानंतरच्या एका रविवारी आई मागच्या ओट्यावर केळफूल सोलत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "यांचं नाक गेलंय."

मला कळलंच नाही. मग तिने सांगितलं. दूध तापत होतं आणि बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते. ती फुलं खुडायला गेली होती. परत आली तर भांडं काळं झालेलं, घरभर जळका वास, आणि बाबा निवांत पेपरचं पान उलटत होते. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम घरातल्या चुलीवर सुके बोंबील भाजले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बाबांच्या नाकासमोर. ते म्हणाले, "आज जेवायला उशीर आहे का?"

हे सांगताना आई हसली. ते हसणं मी तिच्या तोंडावर याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

बाबा मात्र ताकास तूर लागू देत नव्हते. डॉक्टरकडे गेले नाहीत. आंबट, खारट, गोड एवढं जिभेला कळत होतं, त्याच्या जोरावर ते रोज ताटावर शेरे मारत राहिले. लपवण्याचं कारण उघड होतं. जानेवारीत माझ्या मुलीचं लग्न होतं. आमच्या फ्लॅटमध्ये मांडव कुठे घालणार, म्हणून लग्न आजोळच्या वाडीवरून होणार होतं. स्वतःच्या नातीच्या मांडवात पहिली वाटी दुसऱ्या कुणाकडे गेली असती तर बाबा जिवंतपणी मेले असते.

नाताळ झाल्यावर माझा धाकटा भाऊ आला. तो पोर्तुगालमध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. त्याच्या आणि भावजयीच्या बॅगांत मिळून चार बाटल्या होत्या, पांढऱ्या वाईनच्या. तिथे तिला हिरवी वाईन म्हणतात. बाबांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "ही तर पिवळीसुद्धा नाही."

"हिरवी रंगाने नाही, वयाने," भाऊ म्हणाला. "कोवळी. आपल्या घरच्या वाईनसारखी मुरवत ठेवायची नसते. या सालची याच सालात प्यायची, चांगली गार करून. हलकी असते, जराशी आंबट, जिभेवर बारीक बुडबुडे येतात."

आमच्याकडची वाईन म्हणजे जांभळाची नाहीतर काळ्या मनुकांची, दाट आणि गोड, बरणीत महिनोन् महिने बसलेली. बाबांनी नाक मुरडलं. ते तेवढं अजून मुरडता येत होतं.

आईने विचारलं, "हिच्यासंगं खातात काय?"

भावाचा चेहरा खुलला. त्याचा धंदाच तो. म्हणाला, "ताजी मासळी. निखाऱ्यावर भाजलेल्या तारल्या, वर नुसतं जाडं मीठ. लसूण-कोथिंबीर घालून वाफवलेल्या तिसऱ्या. आणि सगळ्यात बेस्ट म्हणजे कालवं. लिंबू पिळायचं, कालव तोंडात टाकायचं आणि वर या वाईनचा एक घोट. मसाल्याचं मटण हिला नाही चालत. आपलं इंद्याल हिला गिळून टाकेल, पाणी प्यायल्यासारखं वाटेल. आई, ही वाईन तुझ्याच हातच्या जेवणासाठी बनवलीय बघ."

बोलू नये ते बोलला. बाबा शुद्ध मराठीवर आले. "वाईन कशासोबत प्यावी हे आता हॉटेलात भांडी घासणारे आम्हाला शिकवणार काय?"

भाऊ भांडी घासत नाही, हे बाबांना नीट ठाऊक होतं. त्याने बाटली उचलून फ्रीजमध्ये ठेवली. आणि तेव्हा आईने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"नातीच्या मांडवात माझ्या हातची कालवं असावीत," ती म्हणाली. "एवढंच."

"मग लग्न पाचूबंदरलाच लावा," बाबा म्हणाले. "नवऱ्यामुलाला बर्फ लावून टोपलीत बसवा, वरून ओलं फडकं टाका आणि आणा डोक्यावरून."

ते स्वतःच्याच विनोदावर हसले. आई आत गेली. मला त्यांना मारावंसं वाटलं. सत्तरी ओलांडलेल्या बापाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण वाटलं ते वाटलं.

शेवटी बाबांनीच फर्मान काढलं. रविवारी माझे होणारे व्याही-विहीण जेवायला येणार होते. ते लोक निर्मळ गावचे, फुलशेतीवाले, साधे. त्यांच्यासमोर बाबा वाईन चाखणार आणि मांडवात तिच्यासोबत काय वाढायचं ते ठरवणार. कालवं येणार की नाही, याचा निकाल तेव्हा लागणार.

रविवारी दुपारी बाहेर गप्पा चालू होत्या. मी पेले आणायला आत गेले तर आई एक शहाळं फोडत होती. विहिरीजवळच्या माडाचं. पाणी गाळून तिने एका काचेच्या पेल्यात ओतलं, लिंबू पिळलं आणि वर सोडा घातला. बारीक बुडबुडे आले. मग तिने फ्रीजमधली वाईनची बाटली काढून बाकीचे पेले भरले. रंगात डावं-उजवं करता येत नव्हतं.

"आई, हे काय?"

"तू गप. तो कोपऱ्यातला पेला त्यांच्यासमोर ठेव."

मी ठेवला.

बाबांनी पेला उचलला. नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरला, डोळे मिटून. व्याही बिचारे श्वास रोखून बघत होते. मग बाबांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला आणि मान हलवली.

"याला म्हणतात वाईन," ते म्हणाले. "काय सुगंध आहे! ही चव आपल्या मातीत येणं शक्य नाही. आपली माती नारळाची आणि केळीची. तिला हे जमणार नाही. त्याला परदेशचंच पाणी हवं."

व्याह्यांनी त्यांच्या पेल्यातली वाईन चाखून मान डोलावली. भावाने बाबांच्या पेल्याकडे पाहिलं, मग आईकडे आणि मग खाली. वास घेणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. लिंबाचा वास त्याच्यापर्यंत पोचला होता.

"आणि ही मटणाबरोबरच प्यायची," बाबा पुढे म्हणाले. "कालवंबिलवं हिच्या आसपास आणायची नाहीत. समुद्राच्या त्या कचऱ्याने हिचा सुगंध मरेल. पण हे समजायला जीभ लागते. गाढवाला गुळाची चव काय?" आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "आनखी देऊ?"

त्यांनी पेला पुढे केला. तिने आत जाऊन तो भरून आणला.

पाहुणे गेले. बाबा खुर्चीत रेलून बसले होते. आईने एक ताट आणून त्यांच्यासमोर ठेवलं. ताटात रिकामं शहाळं, पिळलेल्या लिंबाची साल आणि सोड्याची बाटली.

"ही तुमची वाईन," ती म्हणाली. "विहिरीजवळच्या माडाची."

तो माड बाबांनी माझ्या जन्माच्या साली लावला होता. दरवर्षी त्याचं पहिलं शहाळं ते स्वतः प्यायचे आणि डोळे बांधले तरी या माडाचं पाणी ओळखीन असं म्हणायचे. ते ताटाकडे बघत राहिले. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मला आनंद झाला. असा आनंद होऊ नये असं वाटण्याआधीच तो होऊन गेला होता.

"कोणाकोणाला सांगितलंस?" बाबांनी विचारलं. आवाज एकदम म्हातारा.

"घराबाहेर कोनालाच नाय," आई म्हणाली. "आनि सांगनार बी नाय. पन कालवं लागतील मांडवात. तुमी वाटी चाखायला बसा. मी मागं उभी राहीन, खांद्यावर हात ठेवून. एकदा दाबला म्हंजे 'वाढा' म्हना. दोनदा दाबला म्हंजे 'थांबा'. तुमचं नाव राहील."

बाबांनी मान हलवली. त्यांची शुद्ध मराठी कुठे गेली होती कोण जाणे.

इथे गोष्ट संपली असती तर आई नुसती हुशार ठरली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मांडवाच्या दिवशी सकाळपासून विहिरीमागे आई आणि पाचूबंदरची माझी मावशी कालवं फोडत बसल्या होत्या. आई मोठमोठ्याने बोलत होती, आपल्या बोलीत, मावशीला कोपराने ढोसत होती. वाडीवर तिचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. भावाने एका घमेल्यात बर्फ घालून त्यात वाईन ठेवली होती. रविवारी उघडलेली बाटली तेव्हाच संपली होती. आता दोन बाटल्या दोन्हीकडच्या जवळच्या माणसांना घोटघोट द्यायच्या होत्या आणि एक मागे ठेवायची होती. ऊन उतरायला लागलं तशी निर्मळची मंडळी आली. बाबा कोट घालून मांडवाच्या मधोमध खुर्चीवर बसले. आई हात धुऊन, पदराला पुसत त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांना ते फार गोड वाटलं असावं. कुणीतरी फोटोही काढला.

तेवढ्यात चुलीकडे गडबड उडाली. इंद्यालाचा टोप तळाला लागला होता. जळका वास आधी हलका आला आणि मग सगळ्या मांडवात पसरला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. विहीणबाईंनी नाकाला पदर लावला. मांडवात एकाच माणसाला काही कळलं नव्हतं.

व्याही, बिचारे, विषय बदलायला म्हणून बाबांना म्हणाले, "आज कालवंही आहेत म्हणे? आमच्याकडे सगळ्यांना फार आवडतात."

बाबांना एवढं म्हणता आलं असतं की हो, आहेत. पण समोर माणसं बसलेली, अंगात कोट, आणि जुनी सवय.

"आहेत ना," ते म्हणाले. "बायकोची हौस. कोळणीला वाडीवर आणता येतं, पण कोळणीतला बाजार काही निघत नाही. तुम्ही आपले वाऱ्याची दिशा बघून बसा, वास येईल."

दोघेतिघे हसले. मावशी विहिरीकडून कालवांचं ताट घेऊन येत होती, ती जागच्या जागी थांबली. आईने बाबांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. ती कुठे गेली नाही. तिथेच, मागे उभी राहिली, दोन्ही हात पोटाशी धरून.

आचारीणबाई वाटी घेऊन आली. तिची मान आधीच खाली होती. 'थांबा' ऐकायचं आहे, हे तिला माहीत होतं. बाबांनी वाटीवर नाक धरलं. डोळे मिटले. बोट बुडवून चाटलं. आणि वाट बघत बसले.

बाबांनी खांदा किंचित मागे नेला, हात शोधायला. तिथे काही नव्हतं. त्यांनी पुन्हा बोट चाटलं. मग मान वळवली. सगळ्या गावासमोर, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, त्यांनी पहिल्यांदा आईला विचारलं, "कसं झालंय गं?"

"तुमीच सांगा," आई म्हणाली.

मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते. त्यांचे डोळे मला दिसत होते. ते तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते आणि तिचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा होता. मी बोलू शकले असते. आईकडे बघितलं आणि बोलले नाही.

बाबा समोर वळले. छाती पुढे काढली. "उत्तम," ते म्हणाले. "काय सुगंध आहे! असंच वाढा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आचारीणबाईने वर पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो बाबा, सगळं लागलंय की हो. वास नाही येत तुम्हाला?"

बाबांनी वाटीत पाहिलं. मग लोकांच्या नाकाला लावलेले पदर आणि रुमाल पाहिले. मग काहीच पाहिलं नाही.

पुढे सगळं उरकलं. आचारीणबाईने वरचं मटण हलक्या हाताने दुसऱ्या टोपात काढलं, परत मसाला परतून घातला, शिरका घातला. थोड्या वेळाने ती नवी वाटी घेऊन आली. बाबांच्या खुर्चीसमोर ती क्षणभर थांबली आणि वाटी त्यांच्या डोक्यावरून मागे, आईपुढे धरली. आईने बोट बुडवलं. "मीठ जरा घाल. मग वाढा," ती म्हणाली. पानं पडली. निर्मळच्या लोकांनी कालवांवर लिंबू पिळलं, वर भावाने ओतलेल्या वाईनचे घोट घेतले आणि ताट बघता बघता रिकामं केलं. भावाचं म्हणणं खरं होतं. कालवाचा तो खारा गारवा आणि मागोमाग ती कोवळी आंबट वाईन, याहून चांगलं मी काही खाल्लेलं नाही. ते खाताना मला बाबांची पाठ दिसत होती. तरीही चव कमी झाली नाही.

परत जाण्याच्या आदल्या दिवशी भावाने शेवटची बाटली काढली. भावजय माहेरी गेली होती, दुपारी आम्ही चौघंच होतो. आईने घरातल्याच चुलीच्या निखाऱ्यांवर तारल्या भाजल्या होत्या, वर नुसतं जाडं मीठ. भावाने आमच्या डोळ्यांसमोर बूच काढलं आणि चार पेले भरले. बाबांनी त्यांचा पेला उचलला. नाकाशी नेला नाही. नुसते त्यातल्या बुडबुड्यांकडे बघत राहिले.

"ही वाईनच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुमच्यासमोरच तर..." भाऊ बोलायला लागला. आईने त्याच्याकडे बघितलं. तो थांबला.

"चाखून बघा," आई म्हणाली आणि आपल्या तारलीचा काटा काढू लागली.

बाबांनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी पाणी मागितलं. आईने उठून तांब्यातून पाणी आणून दिलं. ते त्यांनी हातात घेतलं आणि पिण्याआधी खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं.